गाडीखालचा तांबडा डाग

सकाळी गाडी बाहेर काढली, मागाहून कोणी खळे झाडायला आले आणि गाडी उभी होती तिथे रुपयाएवढा तांबडा डाग दिसला, असे तुमच्या घरी झाले आहे काय? कोकमाचे आगळ सांडावे तसा रंग, बोटाला लावला तर बुळबुळीत. बहुतेक घरांत त्यावर थोडी माती टाकली जाते आणि विषय संपतो. दोन दिवसांनी डाग पुन्हा पडतो. मग घरधनी बाजारातून तेलाची बाटली आणतो, डबीत ओततो आणि पुढचा महिनाभर निश्चिंत राहतो.

वाचकहो, हा डाग आहे पॉवर स्टेअरिंगच्या तेलाचा. आपल्या जिल्ह्यात आता बहुतेक वाड्यांवर एखादी तरी जुनी पिकअप, सुमो, बोलेरो किंवा टेम्पो आहे. आंब्याच्या पेट्या, काजूची पोती, मासळीचे क्रेट, शेळ्या, सिमेंट, लग्नाचे वऱ्हाड, सगळे त्याच गाडीतून जाते. ती दहा-बारा वर्षांची झाली की हे तेल गळू लागते. त्यावर बाटली ओतणे हा इलाज नव्हे. गळतीची जागा शोधणे हा इलाज. आणि चांगली गोष्ट अशी की ती जागा पुष्कळदा अगदी स्वस्तातली निघते: एक कडक झालेली रबरी नळी, एक गंजलेली क्लिप, एक तांब्याचे वॉशर. ती न शोधता नुसते तेल घालत राहिलो तर मात्र पंप जातो, आणि पंपाचा खर्च आंब्याच्या पट्टीतून बराच मोठा घास घेतो.

हे तेल करते काय?

जड पेटी उचलताना दुसऱ्या माणसाने खालून हात लावावा, तसे हे काम आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एक छोटा पंप तेल दाबतो. तुम्ही स्टेअरिंग ज्या बाजूला वळवाल त्या बाजूला एक झडप ते तेल सोडते आणि तेलाच्या दाबाने चाके वळायला मदत होते. काम झालेले तेल परतीच्या नळीने डबीत येते, तिथून पुन्हा पंपात. सगळ्या फेऱ्यात तेल साधारण एक लिटर असते, गाडीगणिक थोडे कमी-जास्त.

फ्रान्सिस डेव्हिस नावाचा एक अमेरिकन अभियंता मोटारी आणि ट्रक बनवणाऱ्या कंपनीत होता. ट्रक वळवताना चालकाची होणारी दमछाक त्याने पाहिली आणि १९२६ च्या सुमारास तेलाच्या दाबावर चालणारे स्टेअरिंग गाडीत बसवून दाखवले. पण विक्रीच्या मोटारीत ते यायला १९५१ साल उजाडले. क्रायस्लर कंपनीने ते प्रथम आणले. म्हणजे ही सोय मुळात ओझे वाहणाऱ्यांचे हाल पाहून सुचलेली आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हल्लीच्या पुष्कळ नव्या छोट्या मोटारींत तेलाऐवजी विजेची मोटर हे काम करते. त्या गाडीत ही डबीच नसते, तेव्हा तिथे ती शोधत बसू नये.

आता दाबाची कल्पना यावी म्हणून सांगतो. छोट्या मोटारीच्या टायरमध्ये ३०-३५ पौंड हवा असते. स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवले की या तेलाचा दाब हजार पौंडांच्या वर जातो. हा आकडा नीट ध्यानात ठेवावा, कारण पुढे ज्या सूचना येतील त्यांतल्या निम्म्या या आकड्यामुळे आहेत. एवढ्या दाबापुढे नळीला गुंडाळलेली चिंधी, सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा पाण्याच्या पाइपाला लावतात तो लांबी-मसाला टिकत नाही. एक फेरी टिकला तर नशीब.

आपल्याच किनाऱ्यावर एवढी गळती का?

घाटावरच्या गाड्यांना हा रोग होत नाही असे नाही. पण मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या गाडीला तो लवकर होतो. समुद्रावरून येणारा खारा वारा लोखंडाला सोडत नाही हे आपण खिडकीच्या गजांवरून जाणतोच. त्यात आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. चार महिने गाडीच्या पोटाखाली ओला तांबडा चिखल चिकटून राहतो, आणि जिथे लोखंडी नळी पट्टीने बांधलेली असते नेमकी तिथे तो अडकतो. वरून नळी धडधाकट दिसते आणि पट्टीखाली ती खाऊन पातळ झालेली असते.

मासळी वाहणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. क्रेटमधून वितळलेल्या बर्फाचे खारे पाणी फळीतून खाली ठिबकते ते थेट चासिसवर आणि नळ्यांवर. किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी नेऊन मासळी भरणाऱ्यांच्या गाडीला खालून खारा मुलामाच बसतो. फेरीहून आल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडीचे पोट धुणे हे दहा मिनिटांचे काम आहे. वरचा रंग चकचकीत ठेवण्यात आपण जेवढा वेळ घालवतो त्याच्या निम्मा खाली घालवला तर गाडी चार वर्षे जास्त टिकेल असे माझे मत आहे, पण हौस वरच्या रंगाचीच असते त्याला काय करणार!

डाग कशाचा, हे आधी ठरवा

गाडीखाली पडणारा प्रत्येक थेंब स्टेअरिंगचा नसतो. आंब्याच्या पेटीचा पांढरा पुठ्ठा रात्री इंजिनाखाली पसरून ठेवावा आणि सकाळी पाहावे. काळपट, जाड डाग इंजिन ऑइलचा. हिरवा किंवा गुलाबी, पाण्यासारखा पातळ आणि गोडसर वासाचा असेल तर रेडिएटरचा. अगदी स्वच्छ पाणी असेल तर एसीचे, त्याची काळजी नको. फिकट पिवळसर, पातळ द्रव चाकाच्या आतल्या बाजूस किंवा ब्रेकच्या डबीखाली दिसला तर ते ब्रेक ऑइल, आणि मग गाडी जागची हलवू नये, मेस्त्रीला घरी बोलवावे. स्टेअरिंगचे तेल नवे असताना बहुतेक गाड्यांत तांबडे असते. जुने झाले की तपकिरी होते आणि करपल्यासारखा वास येतो. डबीतले तेल काळे पडून त्यात बारीक कण दिसू लागले तर नळ्यांचे रबर आतून झडते आहे असे समजावे.

घरात जे कोणी खळे झाडतात, बहुधा घरातल्या बायकाच, त्यांना डाग सर्वांत आधी दिसतो. चालवणाऱ्याला तो दिसतच नाही, कारण तो गाडी घेऊन निघून गेलेला असतो. म्हणून डागाची जागा लक्षात ठेवावी आणि संध्याकाळी सांगावी: पुढच्या डाव्या चाकापाशी होता की मधोमध, काल होता त्याहून मोठा झाला का. एवढ्या माहितीवर मेस्त्रीचा अर्धा तास वाचतो.

दुसरी खूण आवाजाची. सकाळी गाडी सुरू करून स्टेअरिंग वळवले की घुंऽऽ असा कण्हल्यासारखा आवाज आला, तर डबीत तेल कमी होऊन पंपात हवा शिरली आहे. हे तेल पंपाचे वंगणही असते. कण्हणारा पंप म्हणजे कोरडा फिरणारा पंप, आणि तो असाच फिरवला तर महिन्याच्या आत निकामी होतो.

जागा कशी शोधावी?

तेल वाऱ्याने मागे उडते आणि उताराने खाली ओघळते. त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते, ती वर आणि पुढे असते. यावर साधा उपाय म्हणजे आधी सगळे स्वच्छ करणे. इंजिन गार झाल्यावर साबणाच्या पाण्याने डबी, पंप, नळ्या आणि स्टेअरिंग बॉक्स धुवावा. डायनॅमो आणि विजेच्या जोडांवर प्लास्टिकची पिशवी बांधावी. काही जण डिझेल किंवा रॉकेल मारतात. ते रबराला मानवत नाही, म्हणून टाळावे. धुतल्यावर नीट वाळू द्यावे. मग घरात लहान मुलांना लावायची साधी पावडर असते ती नळ्यांच्या जोडांवर भुरभुरावी. तेल पाझरले की पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ उमटते आणि रेघेचे वरचे टोक म्हणजे गळतीची जागा.

आता हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना पुढून-मागून चिरे लावावेत आणि घरातल्या जाणत्या माणसाला स्टेअरिंगवर बसवावे. इंजिन सुरू करून त्याने स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, पंप तापतो. तुम्ही बॉनेट उघडून बाजूने बॅटरीच्या उजेडात पाहावे. साडीचा पदर, ओढणी, लोंबता शर्ट, हातातला धागा पट्ट्यापासून लांब.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नयेत, आणि येथे मी विनंती नव्हे, आग्रह करतो. इंजिन चालू असताना दाबाच्या नळीवरून बोट फिरवून गळती चाचपू नये. टाचणीएवढ्या भोकातून हजार पौंडांच्या दाबाने निघालेले तेल कातडीत शिरते. वरून काटा टोचल्यासारखे बारीक टिंब दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत आतले मांस सडू लागते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नये. ताबडतोब जिल्हा रुग्णालयासारख्या मोठ्या दवाखान्यात जावे आणि दाबाचे तेल आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. चाचपायचेच तर लांब पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा, त्यावर ओला ठिपका उठतो.

दुसरी गोष्ट चिऱ्याची. आपल्या अंगणात चिरे पडलेले असतात, म्हणून जॅकने उचललेली गाडी चिऱ्यांवर टेकवून लोक खाली शिरतात. चाकाला अडसर म्हणून चिरा ठीक आहे. पण एका टोकावर भार आला की तो कधी फुटेल त्याचा नेम नसतो, फुटताना आधी सांगत नाही. नुसत्या जॅकवरही भरवसा ठेवू नये. खाली जायचे तर लोखंडी घोडे किंवा जाड लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून घ्यावेत. ते नसतील तर खाली जाऊ नये.

जागा सापडल्यावर

डबीपासून सुरुवात करू. कधी कधी गळती नसतेच. तेल काठोकाठ भरलेले असते आणि तापल्यावर फुगून झाकणातून बाहेर येते. डबीवर किंवा झाकणाच्या काडीवर गार आणि गरम अशा दोन खुणा असतात, त्यांच्या पलीकडे भरू नये. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर तेवढे बदलावे. प्लास्टिकच्या डबीला तडा गेला असेल तर डबीच बदलावी, चिकटवलेला तडा गरम तेलात सुटतो.

डबीखाली दोन नळ्या असतात. एक पंपाकडे जाणारी, एक परतीची. या दोहोंत दाब कमी असतो, आणि जुन्या गाड्यांची गळती पुष्कळदा इथेच सापडते. रबराचे टोक उन्हातल्या सुक्या चामड्यासारखे कडक होते, क्लिप गंजून सैल पडते. नळी लांबीला पुरत असेल तर खराब टोक बोटभर कापून नव्या क्लिपने घट्ट करावे. पुरत नसेल तर नवी नळी घ्यावी, पण ती तेलासाठीचीच मागून घ्यावी. बागेला पाणी घालायची किंवा रेडिएटरची नळी तेलात फुगते आणि आतून सुटते. स्टीलची क्लिप चार पैसे महाग पडते, खाऱ्या हवेत ती चार वर्षे जास्त राहते. हे काम घरी होण्यासारखे आहे.

पंपापासून स्टेअरिंग बॉक्सकडे जाते ती दाबाची नळी. ती रबर आणि लोखंड यांची जोडलेली असते आणि जोडावर धातूची टोपी यंत्राने दाबून बसवलेली असते. त्या टोपीखालून तेल येत असेल तर क्लिप आवळून काही उपयोग नाही. तिथे आवळलेली क्लिप घाटात सुटते. नळी काढून कंपनीची तयार नळी आणावी, किंवा जेसीबी आणि खाणीच्या मशिनांच्या नळ्या यंत्रावर दाबून देणारी दुकाने असतात तिथून करून घ्यावी. जुनी नळी नमुन्याला न्यावी, पॉवर स्टेअरिंगसाठी हवी असे सांगावे, म्हणजे दाब आणि उष्णता दोन्ही सोसेल अशी ते देतील. कोल्हापूरला माल घेऊन जाणाऱ्यांना शिवाजी उद्यमनगर ठाऊक असतेच. नळी बसवताना ती सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपापासून दूर आणि मुळात होती त्याच वाटेने गेली पाहिजे. हे तेल पेट घेणारे आहे. तापल्या पाइपावर त्याची पिचकारी उडाली तर गाडी जळते.

याच नळीच्या टोकाला पुष्कळ गाड्यांत पोकळ बोल्ट असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याची वॉशरे. एकदा दबलेले वॉशर दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नळी कशासाठीही सोडली तर दोन्ही वॉशरे नवी टाकावीत. नवी नळी टाकून जुनी वॉशरे ठेवलेली आणि मग नळीच खराब लागली म्हणून दुकानदाराशी भांडण झालेले मी पाहिले आहे. एवढ्याशा चकतीपायी!

पंपाच्या पुलीमागून तेल येत असेल तर आतले ऑइल सील गेले. हे काम मेस्त्रीचे. सील स्वस्त असते, मेहनत पंप उतरवण्याची असते. सील बदलताना दांड्यावर नखाला लागेल अशी चर पडली आहे का ते आपण समोर उभे राहून पाहावे. चर असेल तर नवे सील महिनाभरात कापले जाईल, मग पंपाचे पूर्ण काम करणेच बरे. पट्ट्याला तेल लागले असेल तर पट्टाही बदलावा, कारण तेलकट पट्टा घसरतो आणि किंचाळतो. काही जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप डायनॅमोवर बसवलेला असतो. पंप आणि डायनॅमो एकाच पट्ट्यावर असतील आणि तो पट्टा तुटला, तर स्टेअरिंगबरोबर ब्रेकही जड होतात. आपल्या गाडीत पट्ट्यांची मांडणी कशी आहे हे मेस्त्रीला एकदा विचारून ठेवावे.

राहिला स्टेअरिंग बॉक्स किंवा रॅक. बॉक्सच्या खालच्या दांड्यापाशी तेल ओघळत असेल तर तिथले सील बदलते. रॅकच्या गाडीत दोन्ही टोकांना घड्या घड्यांचे रबरी बूट असतात. ते हाताने दाबून पाहावेत. आत तेल डुचमळत असेल तर रॅकचे सील गेले आहे, बाहेर थेंब पडत नसला तरीही. आपल्या भागात याचे मूळ बहुधा त्या बुटाच्या फाटण्यात असते. बूट फाटला की खारा चिखल आत जातो, चकचकीत दांड्याला गंजाचे खड्डे पडतात आणि ते खड्डे कानशीप्रमाणे सील कापतात. असा दांडा तसाच ठेवून नुसते सील बदलणारा मेस्त्री भेटला तर तुम्ही पैसे दोनदा देणार. दांडा पुसून उन्हात धरून पाहावा, खड्डे असतील तर दांडा किंवा रॅक बदलण्याचा हिशोब विचारावा. फाटलेला बूट वेळेवर बदलणे हे या सगळ्या खर्चापुढे काहीच नाही.

बाजारात गळती बंद करणारे औषध म्हणून बाटल्या मिळतात. त्याने म्हातारे रबर थोडे फुगते आणि पाझर काही दिवस थांबतो. हंगाम अगदी तोंडावर आहे आणि सील किंचित पाझरते आहे, एवढ्यापुरते ते चालेल. गंजलेल्या नळीला आणि फुटलेल्या जोडाला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

तेल कोणते, आणि हवा कशी काढावी?

झाकणावर किंवा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात तेलाचे नाव लिहिलेले असते, तेच घालावे. बऱ्याच जुन्या गाड्यांना एटीएफ नावाचे तांबडे तेल चालते, पण सगळ्यांना नाही. काहींना वेगळे, हिरवे तेल लागते आणि दोन्ही एकत्र करू नयेत. घरात शिल्लक आहे म्हणून इंजिन ऑइल ओतू नये. आणि ब्रेक ऑइल तर मुळीच नाही. ब्रेक ऑइल स्टेअरिंगची रबरे खाते. उलट झाले तर त्याहून वाईट: स्टेअरिंगचे तेल ब्रेकच्या डबीत गेले की ब्रेकची रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतात. दोन्ही डबे बॉनेटखाली असतात, काही गाड्यांत जवळजवळ. ज्याला वाचता येते त्याने झाकण वाचूनच ओतावे आणि मुलांना हे काम सांगू नये.

दुरुस्तीनंतर आत हवा राहते. पुढची चाके घोड्यांवर उचलावीत, डबी भरावी आणि इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवावे. मध्ये मध्ये डबीत बुडबुडे येतील, पातळी उतरेल, तेल घालत जावे. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून तेच चार-पाच वेळा करावे. तेल दुधासारखे फेसाळले तर इंजिन बंद करून अर्धा तास स्वस्थ बसावे. घाईने हवा निघत नाही. पातळी स्थिर राहिली, आवाज गेला, म्हणजे काम झाले. खाली नवा पुठ्ठा घालून चार रात्री पाहावे, आणि नंतर कधी किती तेल घालावे लागले ते आंब्याच्या हिशोबाच्या वहीत तारखेसह लिहीत जावे. आकडे समोर असले की गळती वाढते आहे की नाही यावर घरात वाद होत नाहीत.

घाटात असे झाले तर

मार्च ते मे हा आपला पैशाचा काळ. पेट्या भरून गाड्या रात्री वाशीकडे निघतात, काही फोंडा घाटाने नाहीतर करूळ-भुईबावड्याने गगनबावड्यावरून कोल्हापूरला, काही आंबोलीने बेळगावकडे. घाटातले वळण म्हणजे कमी वेग, भरलेली गाडी आणि स्टेअरिंग टोकापर्यंत वळवलेले. या तेलाचा दाब सर्वांत जास्त असतो तो अशाच वेळी, म्हणून खाल्लेली नळी फुटायची तर तिथेच फुटते. सड्यावरच्या सरळ रस्त्यावर ती महिनाभर तग धरून होती, हे लक्षात घ्यावे.

नळी फुटली की स्टेअरिंग एकाएकी दगडासारखे जड होते. पुष्कळांना वाटते ते जाम झाले, आणि ते हात सोडतात किंवा घाबरून ब्रेकवर उभे राहतात. पिकअप, सुमोसारख्या गाड्यांत स्टेअरिंग आणि चाके लोखंडी दांड्यांनी जोडलेली असतात. मदत गेली तरी जोड शाबूत असतो, गाडी वळते, फक्त ताकद चौपट लागते. दोन्ही हातांनी घट्ट धरावे, वेग उतरवावा, खालचा गिअर टाकावा, इशाऱ्याचे दिवे लावावेत आणि पहिल्या रुंद जागेला गाडी बाजूला घ्यावी. उतारावर असताना इंजिन बंद करू नये, ब्रेकची मदतही जाईल. थांबल्यावर बंद करावे. तेल न घालता पंप फिरवत पुढे जाऊ नये, आणि फुटलेल्या नळीत बाटली ओतून जाऊ म्हटले तर ती पहिल्या वळणाला रिकामी होते. पेट्या दुसऱ्या गाडीत चढवाव्यात. भाडे जास्त जाईल, पण आंबा पोहोचेल आणि माणूसही.

म्हणून तपासणी फेब्रुवारीत करावी, मोहोराच्या फवारण्या आटोपतात तेव्हा. दुसरी मेअखेरीस, पाऊस लागण्याआधी. तेव्हा लोखंडी नळ्यांवरचा गंज तारेच्या ब्रशने हलके घासून त्यांवर ग्रीसचा पातळ हात द्यावा. रबराला मात्र ग्रीस लावू नये.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. पॉवर स्टेअरिंगच्या पुष्कळ ट्रॅक्टरांत स्टेअरिंग आणि चाके यांच्यामध्ये लोखंडी जोड नसतो, सगळे काम तेलच करते. तिथे तेल गेले तर चाक फिरवूनही ट्रॅक्टर जेमतेम वळतो किंवा वळतच नाही. मळ्याच्या बांधावर आणि ओहोळाच्या उतरणीवर याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. ट्रॅक्टरच्या नळीला पाझर दिसला की तो त्याच दिवशी उभा करावा.

काढलेले जुने तेल परसात ओतण्याची आपल्याकडे खोड आहे. आपला कातळ आणि तांबडी माती पाणी झरझर खाली सोडतात, आणि ओतलेले तेल पहिल्या पावसात विहिरीच्या वाटेला लागते. काही जण वाळवीसाठी वाशांना लावतात. लावायचेच तर धान्याच्या कणगीपासून आणि गुरांच्या दावणीपासून लांब. बाकीचे झाकणाच्या कॅनमध्ये साठवून गॅरेजवर द्यावे, तिथून जळके तेल गोळा करणारे ते घेऊन जातात. खळ्यात सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाकून तासाभराने खरवडून काढावा. नुसती माती टाकून झाकले की डाग नवा कोणता आणि जुना कोणता हेच कळेनासे होते.